लिंबाजी सरांचा कोर्स

विस्तार अधिकारी शाळेच्या तपासणीला आले, तेव्हा लिंबाजी सर आठवीच्या वर्गात दोन्ही हात आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवून चालत होते. पोरं बाकांवर चढून बघत होती. सर एका अंगाचा हात आणि पाय एकदम उचलायचे, मग दुसऱ्या अंगाचा, आणि धापा टाकत सांगायचे, "बघा, उंट असा चालतो. आधी डावं सगळं, मग उजवं सगळं. म्हणून वर बसलेला माणूस झुलतो." दारात मुख्याध्यापक आणि साहेब येऊन उभे राहिलेत हे त्यांच्या गावीही नव्हतं. साहेबांचे बूट नाकासमोर दिसले तेव्हा ते थांबले, उठले, गुडघे झटकले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "साहेब, चित्रकलेचा तास चालू हाय."

मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवते. वडवणीच्या जरा बाहेर, रस्त्याला लागून आमची शाळा. माझे अब्बा बाजारात फळांचा गाडा लावतात, त्यामुळे गावात मला कुणी शाहीन मॅडम म्हणतं, तर कुणी अजूनही फळवाल्याची पोर. लिंबाजी सर चकलांब्याकडच्या एका वस्तीवरचे. घरी मेंढरं. दहावीपर्यंत ते कळपामागं हिंडत हिंडत शिकले, मग चित्रकलेची पदविका केली आणि आमच्या शाळेत आले. शाळा विनाअनुदानित. अनुदान येणार, येणार म्हणत अकरा वर्षं त्यांनी नावापुरत्या मानधनावर काढली. आम्ही सगळ्यांनीच काढली, पण इंग्रजी, गणिताला शिकवण्या तरी मिळतात. चित्रकलेची शिकवणी वडवणीत कोण लावणार?

त्यांच्या खिशात कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड असायचं. पेन्सिलीला टोक ते त्यानंच काढायचे. खोडरबर ते स्वतः वापरत नसत आणि पोरांनाही वापरू देत नसत. म्हणायचे, "चूक राहू द्या की कागदावर. कुठून निघालो ते तरी कळंल." कुणीही चित्र दाखवायला आणलं, मग ते गणपतीचं असो की गांधीजींचं, सर आधी पाय बघत. "तोंड कुणालाबी काढता येतं. माणूस जमिनीवर उभा हाय का, ते पायावरून कळतं." त्यांचा मोबाइल जनावरांच्या खुरांच्या फोटोंनी भरलेला. त्यांच्या बायको, मंगलताई, एकदा मला म्हणाल्या, "मॅडम, आमच्या लग्नाचा एक फोटू न्हाई ह्यांच्याकडं. रेड्याच्या खुराचे विचारा, कितीक निघतील."

शाळेला शेवटी थोडं अनुदान मंजूर झालं. आम्ही पेढे वाटले. आणि त्याच महिन्यात संचमान्यता आली, म्हणजे शाळेत किती शिक्षक असावेत याचा सरकारी हिशेब. त्यात कलाशिक्षकाचं पद बसलं नाही. मुख्याध्यापकांनी लिंबाजी सरांना खोलीत बोलावलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कागद होता. शिक्षकांच्या खोलीत येऊन ते त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसले नाहीत, खिडकीपाशी उभे राहिले. म्हणाले, "जूनपातूर राहा म्हणत्यात. त्याच्यानंतर मी कुठंच न्हाई." वय एक्केचाळीस. घरात मंगलताई आणि सातवीतली मुलगी.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी नववीतल्या एका पोरीचा मोबाइल जप्त केला. ती तासाला गेम खेळत होती. मधल्या सुट्टीत मी खोलीत गेले, तर सरच तो गेम लावून बसलेले. "मॅडम, हिकडं या. हा घोडा बघा." मी बघितलं. घोडा पळत होता. "पळत न्हाई," ते म्हणाले. "पाय नुसते हलायलेत. खूर जमिनीला लागतच न्हाई, घसरतोय. हे कुणी केलं असंल हो?"

मी म्हटलं, कंपन्या असतात, माणसं असतात त्यात. झाडं, घरं, जनावरं सगळी संगणकावर तयार करतात.

"माणसं करतात? पगार घेऊन?"

"हो."

त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "एवढा वाईट घोडा करून जर पगार मिळत असंल..."

तिथून सगळं सुरू झालं. गेमसाठी चित्रं, आकृती, हालचाली करण्याचं शिक्षण घरबसल्या मिळतं हे त्यांनी शोधून काढलं. एका जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर त्यांनी कोर्सांची यादी केली. जाहिराती इंग्रजीत, म्हणून तो हजेरीपट घेऊन ते माझ्याकडं यायचे. मी वाचायची, ते मराठीत लिहून घ्यायचे. एका मोठ्या संस्थेचं माहितीपत्रक फार चकचकीत होतं. नोकरीची शंभर टक्के हमी, नामांकित शिक्षक, सगळं होतं. मी वाचून म्हणाले, "चांगलं वाटतंय सर." एवढंच म्हणाले मी. पण त्यांनी ते माझ्या इंग्रजीच्या भरवशावर घेतलं. त्यांच्या भावानं मेंढे विकले, फी भरली, बीडहून एक जुना संगणक जोडून आणला.

आठ महिने गेले. त्या कोर्समध्ये शिक्षक नव्हताच. आधीच करून ठेवलेले व्हिडिओ होते, ते बघायचे आणि तसं करायचं. सरांनी केलेलं काम पाठवलं की मशीनचं उत्तर यायचं, अभिनंदन. त्यांनी मुद्दाम एकदा तीन पायांची गाय पाठवली. अभिनंदन आलं. त्या दिवशी ते माझ्यासमोर खुर्चीवर बसले आणि दोन्ही तळहात तोंडावर घेतले. हमीच्या नोकरीचं विचारायला फोन केला, तर तो नंबरच लागेना. जून तर कधीच उलटून गेला होता. ते आता शाळेत फुकट येत होते, कारण घरी बसवत नव्हतं.

मुख्याध्यापकांनी, ते तसे भले गृहस्थ, त्यांना समजवायला म्हणून स्वतःच्या मोबाइलवर एक चित्र काढून दाखवलं. म्हणजे नुसतं सांगितलं मोबाइलला, माळावर मेंढरांचा कळप काढ, आणि अर्ध्या मिनिटात चित्र समोर आलं. "सर, हे असं झालंय आता. तुम्ही कशाला ह्या वयात त्या भानगडीत पडता?"

लिंबाजी सरांनी मोबाइल डोळ्याजवळ नेला. "सर, ह्या मेंढीला पाच पाय हायत."

"पुढच्या वर्षी चार येतील," मुख्याध्यापक म्हणाले.

सगळे हसले. सरही हसले. पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. घरी जाताना फाटकापाशी मला म्हणाले, "हेडसर बरोबर बोलले. म्हणून तर घाई हाय मला."

मग त्यांनी दुसरा कोर्स शोधायला घेतला. या वेळी माहितीपत्रक नाही, हमी नाही. सरळ फोन करायचे आणि समोरच्याला विचारायचे, "बकरी बसताना आधी कुठले पाय मोडते?"

आम्ही शिक्षकांच्या खोलीत बसून ते फोन ऐकायचो. एका बाईनं सांगितलं, सर, सीट मर्यादित आहेत, आजच बुक केलं तर सवलत. एकानं विचारलं, बकरी कुठल्या कोर्सला आहे? एकजण तर चिडला, म्हणाला, सकाळी सकाळी चेष्टा करता का? सर प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेत, फोन ठेवत आणि हजेरीपटात त्या नावापुढं गैरहजर असं लिहीत. गंमत होती, पण त्यांच्या कपाळाची शीर उडताना मी बघितली आहे. यादी संपत आली होती.

कोल्हापूरच्या एका मुलीचा फोन लागला. सायली तिचं नाव. कुठल्यातरी गेम कंपनीत चार वर्षं काम करून आता घरून पाच-सहा जणांना शिकवत होती. सरांनी तोच प्रश्न विचारला. मग ती म्हणाली, "नक्की माहीत नाही मला. अंदाजानं सांगितलं तर चुकेल. तुम्ही सांगता का?"

सर खुर्चीवरून उठले. "पुढचे," ते म्हणाले. "आधी पुढचे दोन गुडघे टेकवते, मग मागून खाली येते. आणि उठताना उलटं, आधी मागून उठते. म्हैसबी तशीच. घोडा मात्र पुढून उठतो." त्यांचा आवाज चढला होता. फोन ठेवल्यावर त्यांनी हजेरीपटात काही लिहिलं नाही. नुसतंच म्हणाले, "हिच्याकडं शिकायचं."

सायली त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. दर शनिवारी ती प्रत्येकाचं काम बघायची आणि चुका सांगायची. सर तिला बाई म्हणायचे. "बाईंनी आज सगळं परत करायला लावलं," हे ते अशा थाटात सांगायचे की जणू बक्षीस मिळालंय. वीज गेली की शाळेच्या फाटकापाशी येऊन बसायचे, वीज आली की धावत घरी. मंगलताई लोकांचे ब्लाउज शिवत होत्या. मुलगी मला एकदा म्हणाली, "मॅडम, पप्पा जेवतानाबी बोटं चालवत्यात ताटाच्या कडेनं."

वर्षभरानं सायलीच्या सांगण्यावरून त्यांनी पुण्याच्या एका कंपनीला काम पाठवलं. बैल, कुत्रं, मेंढी, आणि खाली बसून पुन्हा उठणारी म्हैस. मला संगणकावर ती म्हैस दाखवा, असं मी म्हणाले. राखाडी, रंग न दिलेली म्हैस होती, पण उठताना तिचं अंग एकदा पुढं झोकलं जायचं ते बघून माझ्या अंगावर काटा आला.

दोन आठवड्यांनी मेल आला. सर शाळेत पळत आले. "वाचा." मी वाचला. दोन ओळी होत्या. तुमचं काम पाहिलं, आभार, सध्या योग्य जागा नाही, तुमचं काम आमच्या नोंदीत ठेवतो. असली इंग्रजी मी ओळखते. त्याचा अर्थ नाही एवढाच असतो. मान वर करून बघितलं, तर सर माझ्या तोंडाकडं बघत होते. दाढी वाढलेली, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. मी म्हणाले, "काम ठेवून घेतलंय म्हणतात सर. पुढं कळवतील."

"ठेवून घेतलंय?"

"हो."

"म्हंजे आवडलं?"

मी म्हणाले, "वाटतंय तसं."

माझ्या हातून झालेली ही गोष्ट सांगायची नव्हती, पण तिच्याशिवाय त्यांच्याबद्दल खरं काही सांगता येणार नाही. कारण त्याच पंधरवड्यात आष्टीकडच्या एका आश्रमशाळेतून त्यांना निरोप आला होता. वसतिगृहावर अधीक्षक हवा होता. पगार बेताचा, पण दर महिन्याला मिळणारा, राहायला खोली. सरांनी त्यांना नकार कळवला. मला हे त्यांनी नंतर सांगितलं, तेही आनंदानं. "पुण्याचं ठरल्यावर मधेच सोडून जायचं म्हंजे त्यांच्या पोरांचं नुकसान." मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सांगू, असं स्वतःला म्हणत राहिले. आश्रमशाळेनं दुसरा माणूस घेतला.

दोन महिने सर वाट बघत राहिले. मोबाइल वाजला की उभे राहायचे. शेवटी सायलीनं विचारलं, काय उत्तर आलं होतं, मेल मला पाठवा बघू. तिनं वाचून सांगितलं.

मी अब्बांच्या गाड्यावर बसले होते. रविवार, बाजार भरलेला. सर गर्दीतून आले आणि गाड्याच्या पलीकडं उभे राहिले. अब्बांनी त्यांना सलाम केला, तो त्यांनी घेतला. मग मला म्हणाले, "मॅडम, मला इंग्रजी येत न्हाई, हे खरं हाय. पण तुमी मराठीत कावून खोटं सांगितलं?"

मी म्हणाले, तुमच्याकडं बघून खरं बोलवलं नाही हो सर.

"मी काय तुमच्यापाशी दया मागायला आलतो? वाचून घ्यायला आलतो." ते आवाज न चढवता बोलत होते, ते जास्त लागत होतं. "पोरीला वसतिगृहाची खोली दाखवून आणली असती मी. तिला स्वतंत्र टेबल पाहिजे हाय लई दिवसांपासून."

अब्बांना सगळं कळलं नाही, पण काहीतरी कळलं. त्यांनी दोन सीताफळं पुढं केली. सरांनी हात जोडले आणि ती न घेताच निघून गेले.

त्यानंतर ते शाळेकडं फिरकले नाहीत. मंगलताई ब्लाउजांची पिशवी घेऊन रस्त्यात भेटल्या, त्यांनी सांगितलं, "बोलत न्हाईत कुणाशीच. भिंतीकडं तोंड करून पडत्यात. परवा कंप्युटर विकतो म्हणले. मी म्हणलं, विका, पण मग त्या हातांचं काय करताल?" मी त्यांच्या घरापर्यंत दोनदा गेले आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरले.

महिनाभरानं एका दुपारी सर माझ्या वर्गाच्या दारात उभे. वाळलेले होते. तास संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "पुण्याच्या त्या कंपनीला एक मेल लिहायचाय. मी सांगतो, तुमी इंग्रजीत करा. जसंच्या तसं. गोड करू नका."

आम्ही रिकाम्या वर्गात बसलो. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: "माझं वय त्रेचाळीस आहे. मला काम नाही. जनावर कसं चालतं हे मला माहीत आहे, पण तुम्हाला काय पाहिजे हे माहीत नाही. माझ्या कामात काय कमी आहे ते दोन ओळींत सांगा. नोकरी देऊ नका, पण खरं सांगा." मी एक शब्दही बदलला नाही. 'कृपया' घालावंसं वाटलं, पण विचारून घातलं. ते म्हणाले, "तेवढं चालंल."

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, आणि लांबलचक होतं. तिथल्या कुणा वरिष्ठानं स्वतः लिहिलं होतं. म्हैस जिवंत वाटते, पण तिचं शरीर गेममध्ये चालवण्याइतकं हलकं केलेलं नाही. हालचालीसाठी आत घालायची हाडं चुकीच्या ठिकाणी जोडली आहेत. कातडी, रंग, उजेड यांचा अभ्यास जवळजवळ नाही. या पातळीवर आम्ही कुणालाही घेत नाही. मी सगळं वाचलं, थांबत थांबत, मराठी करत. सर हजेरीपटाच्या पानावर लिहून घेत होते. एकेक चूक लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं त्याला मी आनंद म्हणणार नाही, पण महिनाभर पडून राहिलेला माणूस उठून बसला होता.

शेवटी एक ओळ होती. पुण्यात आम्ही काही कलाकार शनिवारी जमतो, एकमेकांचं काम बघतो, फी नसते, कधी आलात तर या.

"ही ओळ परत वाचा," ते म्हणाले.

मी वाचली.

"हेच लिहिलंय ना?"

"हेच लिहिलंय सर. मी काही घातलेलं नाही."

त्या एका ओळीवर त्यांनी वडवणी सोडायचं ठरवलं. नोकरी नव्हे, नोकरीचं वचन नव्हे, चुका सांगायला माणसं आहेत एवढंच. मी मंगलताईंना म्हणाले, नीट विचार करा, लेकीची शाळा आहे. त्या म्हणाल्या, "हितं राहून काय करायचं मॅडम? माझा भाऊ हाय तिथं. रंगाच्या दुकानात ह्यांना काउंटरवर ठेवतो म्हणलाय. मीबी मशीन नेते शिवायची."

जाऊन आता सात महिने झाले. मधे एकदा त्यांचा फोन आला होता. दुकानात दिवसभर डब्यांतले रंग ढवळतात. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी मागून घेतात आणि तिकडं जातात. सगळे पोरसवदा, हे एकटेच पिकल्या केसांचे. काम अजून मिळालेलं नाही. मिळेल असंही कुणी म्हणालेलं नाही. "हाडं आता बरोबर बसायलीत," एवढं म्हणाले. मी म्हणाले, काही मेल वगैरे आले तर वाचायला पाठवा. म्हणाले, "न्हाई मॅडम, आता माझं मी वाचतो. चुकत चुकत का होईना."

ते गेले त्या सकाळी मी बसस्थानकावर गेले होते. ट्रंक, शिलाई मशीन, दोन पिशव्या वर टपावर गेल्या. संगणक मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. तो गोधडीत गुंडाळून ते खिडकीपाशी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, ह्याचं लगेज पडंल. सर म्हणाले, "पाडा. पण खाली ठेवणार न्हाई." शेजारी मुलगी संगणकाचा पडदा छातीशी धरून बसली होती. मी मंगलताईंच्या हातात अब्बांनी दिलेली पिशवी दिली, आणि खिडकीखाली जाऊन सरांना म्हणाले, "सर, त्या दिवसाचं मला माफ करा."

ते काहीतरी बोलले. गाडी नेमकी तेव्हाच सुरू झाली, इंजिनाच्या आवाजात शब्द कळले नाहीत. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. स्थानकाच्या फाटकाबाहेर रस्ता खणून ठेवला होता, गाडी उडत होती, आणि त्यांनी दोन्ही हातांनी ती गोधडी पोटाशी गच्च धरली होती.